नवरीचा मामा

मुलाच्या आईनं, काशम्मानं, बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि बशी खाली न ठेवताच सांगून टाकलं, की लग्नात शिवयोगीनं पाऊल ठेवायचं नाही. मुलीचा मामा म्हणून तर नाहीच नाही. अक्षता पडायच्या आधी नवरीला बोहल्यापाशी आणायला मामा लागतो हे तिलाही मान्य होतं, तिच्या घरातली लग्नं काही मामावाचून लागत नव्हती. पण त्याची काळजी नको, म्हणाली. तिचा स्वतःचा भाऊ वीरभद्रप्पा अकलूजहून येणारच होता. तो फेटा बांधून उभा राहील. मांडवात कोण विचारतंय, मामा कुणाचा म्हणून?

स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या नवरीच्या, शरणम्माच्या, कानाच्या पाळ्या तापल्या. मामा काय भाड्यानं मिळतो? मंगल कार्यालयातून पातेली आणावीत, सतरंज्या आणाव्यात, तसा मामा आणायचा? तिची आई बसव्वा, तिची अव्वा, समोर पाटावर बसून नुसती मान हलवत होती. मुलीची बाजू असली की माणसाच्या मानेला काय होतं कुणास ठाऊक, ती फक्त खालीवर हलते, आडवी म्हणून हलत नाही. आणि नवरा मुलगा चनमल्लप्पा, चांगला शिकलेला, साखर कारखान्यात नोकरीला असलेला, तो आपल्या गुडघ्याकडं असा बघत होता की जणू काही तो गुडघा आजच फुटलाय.

आता एवढं चिडायला काय झालं, असं कुणी म्हणेल. म्हणून आधी हे नातं सांगायला पाहिजे.

शिवयोगी हा शरणम्माचा सख्खा मामा, बसव्वाचा पाठचा भाऊ. आणि तोच शरणम्माचा आधीचा नवरा. आमच्या सोलापुराकडं, वळसंग, मंद्रूप, थेट अक्कलकोटापर्यंत, मामानं भाचीशी लग्न केलं तर कुणाची भुवई हलत नाही. घरातली मुलगी घरात राहिली म्हणतात आणि पुरणाची होळगी खातात. पुण्याकडच्या माणसाचे डोळे पांढरे होतात ते ऐकून. होऊ देत. बसव्वाची आई लवकर गेली म्हणून तिनं या भावाला वळसंगहून आपल्याकडं आणलं, तेव्हा तो चड्डी सावरत चालायचा आणि शरणम्मा पाळण्यात होती. दोघं एका ताटात जेवून मोठी झाली. त्यानं तिला सायकल शिकवली, तिनं त्याचे निबंध लिहून दिले. पुढं शरणम्माचे वडील रुद्रप्पा एकाएकी गेले. मुलगी लग्नाची झालेली, घरात पुरुष माणूस म्हणजे शिवयोगीच, मग दुसरीकडं जोडे कशाला झिजवायचे? दिवसकार्याला जमलेल्या नातेवाइकांनी उठता उठता ठरवून टाकलं. दोघांना कुणी विचारलं नाही. आपल्यात ज्याचं लग्न त्याला सोडून सगळ्यांना विचारायची पद्धत आहे.

लग्न झालं, पण संसार काही झाला नाही. भांडण नाही, दारू नाही, सासूचा जाच म्हणाल तर त्याची सासू म्हणजे त्याची बहीण, आणि तिची सासू म्हणजे तिची आजी, ती तर कधीच गेलेली. तरी शरणम्माला रोज सकाळी उठल्यावर वाटायचं की आपण लहानपणीचा खेळ खेळतोय आणि घरी जायची वेळ होऊनही कुणी हाक मारत नाही. मूल नव्हतं. गल्लीतल्या बायका आधी तिच्या पोटाकडं बघायच्या आणि मग तोंडाकडं. शेवटी एका सकाळी तीच म्हणाली, मामा, हे काही खरं नाही, आपण मोकळं होऊ. शिवयोगी तेव्हा सायकलच्या चेनला तेल घालत होता. घालून झाल्यावर त्यानं हात पुसले आणि ठीक आहे म्हणाला. मठात स्वामींसमोर बोलणं झालं, मग कोर्टात सह्या झाल्या. कोर्टात दोघं एकाच सायकलवरून गेली आणि काडीमोड घेऊन त्याच सायकलवरून परत आली, शरणम्मा मागच्या कॅरिअरवर. वकील फाटकापाशी उभा राहून बघतच राहिला.

त्याच दिवशी वाटेत दोघांनी ठरवलं, की नवराबायको संपलं, पण आपण होतो तसे राहायचं. मामा-भाची म्हणा, दोस्त म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. शिवयोगीचं कौंतम चौकाजवळ भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, तो दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. शरणम्मा मास्तरणीचा कोर्स करून नगरपालिकेच्या शाळेत लागली. दर सोमवारी तो सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन बहिणीकडं जेवायला यायचा. कडक भाकरी चुरून आमटीत घालायची, वर शेंगाचटणी, आणि जेवून झाल्यावर दोघं कट्ट्यावर बसून तासभर बोलायची. शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल, कुठल्या गिऱ्हाइकानं सायकल विहिरीत घातली त्याची गोष्ट. शरणम्माला वाटायचं, लग्नातली इतकी वर्षं फुकट गेली, हे असं आधीपासून का नाही केलं?

पण लोकांना हे बघवलं तर ना. दोघं एकमेकांच्या उरावर बसली असती, भांडी फेकली असती, पोलिसात गेली असती, तर लोकांनी समजून घेतलं असतं. मध्ये पडून चारचौघांत शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या असत्या. सुखानं बसून शेंगा खातायत म्हटल्यावर मात्र गल्ली पेटली. समोरची फुलाबाई तर एकदा नळावर घागर ठेवून तोंडावर म्हणाली, की सोडलेल्या नवऱ्याबरोबर हसायचं म्हणजे टाकलेलं ताट पुन्हा ओढून बसायचं. शरणम्मानं तिची घागर नळाखालून बाजूला सरकवली आणि आपली लावली. म्हणाली, नवरा सोडला, मामा कुठं सोडलाय? मामाला सोडायचं कलम कुठल्या कोर्टात असलं तर मला दाखवा, मी सही करते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत दोघं मोठ्या पाळण्यात बसली तेव्हा तर खालून बायका बोटं दाखवत होत्या. शरणम्मानं वरून त्यांना हात हलवून दाखवला. शिवयोगी हसला नाही, पाळण्याची दांडी धरून बसला. तिला वाटलं, उंचीला भितोय.

चनमल्लप्पाचं स्थळ आणलं तेही शिवयोगीनंच. हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही, पण तसंच झालं. शरणम्माच एकदा कट्ट्यावर म्हणाली होती, मामा, तुझ्या बघण्यात कुणी चांगला माणूस असला तर सांग, मला काही आयुष्यभर अव्वाच्या भाकरी थापत बसायचं नाही. मग दुष्काळ सरला त्या वर्षी चनमल्लप्पा कारखान्याच्या कामाला अकलूजहून सोलापुरात आला आणि त्यानं शिवयोगीकडं सायकल भाड्यानं घेतली. तळ्यापाशी तिची चेन तुटली. माणूस एवढ्या उन्हात सायकल ढकलत परत आला, आणि खेकसायचं सोडून उलट माफी मागायला लागला, की माझ्याकडून मोडली. शिवयोगीला तो आवडला. बायको वारलेली, मूलबाळ नाही, हे कळल्यावर त्यानं आपल्या भाचीचा विषय काढला. चनमल्लप्पानं साहजिकच विचारलं, की मुलीचा पहिला नवरा कसा होता, का सोडलं त्यानं. शिवयोगी म्हणाला, ते मलाच विचारा, मीच तो. चनमल्लप्पा बाकावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

पाहायला आला तेव्हा त्यानं शरणम्माला एकच प्रश्न विचारला, की लग्नानंतर मामाशी बोलणं ठेवणार ना? ती म्हणाली, ठेवणार, तुम्हाला चालत नसलं तर आत्ताच सांगा. तो म्हणाला, उलट ठेवाच, माणसं तोडून येणाऱ्या बाईची मला भीती वाटते. तिथंच शरणम्मानं मनातल्या मनात हो म्हटलं. हा माणूस तिला मनापासून आवडला होता, हे लक्षात असू द्या.

आणि आज त्याच माणसाची आई त्याच्या शेजारी बसून मामा बदलायला निघाली होती.

बसव्वानं कसंबसं विचारलं, की माझ्या भावाचं असं काय चुकलं. तेव्हा काशम्माच्या पोटातलं बाहेर आलं. तिनं अकलूजमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मुलीचा पहिला नवरा वारला. बिचारी विधवा, आम्ही पदरात घेतोय. विधवा म्हटलं की लोक हळहळतात आणि गप्प बसतात, काडीमोड म्हटलं की मुलीत काय खोट होती ते शोधत बसतात. आता तोच मेलेला नवरा फेटा बांधून मांडवात आला आणि सोलापूरच्या एखाद्या बाईनं बोट दाखवलं, तर अकलूजमध्ये तोंड कुठं लपवायचं?

शरणम्मा दार ढकलून बाहेर आली. नवऱ्या मुलीनं बैठकीत असं यायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. बैठकीत माणसं मारायची नसतात, हेही काशम्माला ठाऊक असायला पाहिजे होतं.

"माझ्या मामाला तुमी मारलंत?" ती म्हणाली. "जित्त्या माणसाला? हितनं चार गल्ल्या पलीकडं बसलाय तो, पंक्चर काढत."

"तसं न्हाय गं, बोलायची रीत असती एक," काशम्मा म्हणाली. "जगात कुटं बघितलंयस का, नवऱ्यानं बायकोला हात धरून दुसऱ्याच्या बोहल्यावर न्यायचं?"

"नवरा न्हाय. मामा हाय. मी पाळण्यात होते तवापासनं मामा हाय. तुमच्या भावाला मामा म्हणून आणायचं, तर माझ्या अव्वालाबी बदला की. आई बी अकलूजचीच आणा. आणि नवरी तरी हितली कशाला पाहिजे?"

काशम्माची बशी अखेर खाली आली. शरणम्मा तेवढ्यावर थांबली नाही. मामानं आणलं तरच मी बोहल्यावर येईन, नाहीतर पत्रिका छापू नका, असं तिनं साफ सांगितलं. त्यांनी तिला काय समजलं होतं? पदरात घ्यायची बिचारी? ज्या माणसानं स्वतः हे स्थळ आणलं, आपल्या तोंडानं आपली गोष्ट सांगितली, काही लपवलं नाही, त्यालाच दाराबाहेर ठेवायचं, आणि खोटं बोलणारीनं आत बसून चहा प्यायचा. हा कुठला न्याय? बसव्वा पदर तोंडाला लावून रडत होती. तिला दुसरं कुणी नव्हतं. तिचं माहेर म्हणजे तो एकटा भाऊ, त्याला मुलीच्या लग्नात बोलवायचं नाही तर लग्न कुणाला दाखवायचं?

चनमल्लप्पानं गुडघ्यावरची नजर काढली. आईकडं न बघता म्हणाला, की मामाच आणतील, अकलूजमध्ये काय सांगायचं ते मी सांगतो. काशम्मा पुढं पुष्कळ बोलली, पण पोरगा बधला नाही. सुपारी फुटली.

शरणम्मा जिंकली होती. पाहुणे जाताच तिनं पायात चपला सरकवल्या आणि ती कौंतम चौकाकडं निघाली, अशी तरातरा, की गिरणी सुटल्यावर घरी निघालेली माणसंसुद्धा वाट द्यायला लागली. हे आधी मामाला सांगायला पाहिजे होतं. त्याच्यासाठी ती आज किती भांडली, काशम्माचं तोंड कसं झालं, चनमल्लप्पा कसा उभा राहिला. ती वाटेत स्वतःशीच हसत होती.

शिवयोगी दुकानात एक चाक उलटं टांगून त्याच्या तारा आवळत बसला होता. तिनं बाकावर बसकण मारली आणि सगळं सांगितलं, काशम्माच्या आवाजात, बसव्वाच्या आवाजात. तो वारला होता हे सांगितल्यावर त्याला हसू येईल असं तिला वाटलं होतं. तो चाक फिरवून बघत राहिला. मग म्हणाला, की वीरभद्रप्पाच बरा आहे, त्यालाच उभं करा.

तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करत नव्हता. लग्नाच्या दिवशी मला मंद्रूपला जायचंय, म्हणाला. तिथल्या बाजारात जुन्या सायकली येतात.

आता मात्र शरणम्मा उसळली. जगाशी भांडावं ते भांडावं, आणि ज्याच्यासाठी भांडावं त्यानं जुन्या सायकली बघायला जायचं? त्या काशम्मासमोर आता कुठलं तोंड घेऊन जाऊ? अव्वाला काय सांगू? इतकी वर्षं सगळ्या गल्लीचं ऐकून घेतलं, ते कशासाठी? दोस्ती दोस्ती म्हणायचं आणि कामाला आलं की पाठ फिरवायची, हे मामाकडून शिकावं. तू घाबरटच आहेस, पाळण्यातसुद्धा दांडी धरून बसला होतास. ती पुष्कळ बोलली. चौकातली माणसं बघायला लागली तरी बोलली.

शिवयोगीनं हातातला पाना खाली ठेवला.

"तुला कुणी सांगितलंतं माझ्यासाठी भांडायला?" तो म्हणाला. आवाज काही चढला नाही. "तवा बी कुणी इचारलं न्हाय मला. आता तू बी इचारलं न्हाईस."

"ह्यात काय इचारायचं? मामाच आणतो की नवरीला."

"मामा." तो हसला, पण ते हसू तिला ओळखीचं वाटलं नाही. "शरणा, लगीन झाल्यावर बी तू मला मामाच म्हणत होतीस. माणसं बसलेली असायची आणि तू आतनं हाळी द्यायचीस, मामा, च्या घे. मामा, तू जेवलास का? मी रोज वाट बघायचो की आज तरी अहो म्हणंल. आज तरी तुमी म्हणंल. एकदा म्हणून बघ म्हणायचं मनात यायचं, पर मामानं भाचीला तसं कसं सांगायचं?"

शरणम्मानं त्याचा खाली ठेवलेला पाना उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"मग तू मोकळं कर म्हणालीस. केलं. दोस्त ऱ्हाऊ म्हणालीस. ऱ्हायलो. चांगला माणूस बघ म्हणालीस, तो बी बघितला, आणि चांगला बघितला, वाईट बघितला न्हाय. आता म्हणतीस, हात धरून त्याच्याकडं नेऊन सोड." त्यानं चाकाला उगाच एक धक्का दिला. "तेवढं न्हाय व्हायचं माझ्यानं. बाकी काय बी सांग."

ती ओरडलीच त्याच्यावर. का नाही बोललास? तोंड शिवलं होतं का? एवढी वर्षं एका घरात, एका खोलीत, आणि सांगायला आज सापडलं, सुपारी फुटल्यावर? मी काय मनकवडी आहे? तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला त्या पाण्याचाही राग आला. तो खरं बोलला म्हणून राग, आधी बोलला नाही म्हणून राग. आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, तर सोमवारी कट्ट्यावर बसून ती जी मजा करत होती, ती मजा एकटीचीच होती. हा शेजारी बसून काय सोसत होता, आणि ती शेंगांची टरफलं फुंकत होती.

आधी बोलला असता तर तिनं काय उत्तर दिलं असतं, हे तिला ठाऊक होतं. तेच दिलं असतं, आपण मोकळं होऊ. म्हणून तर ती जास्तच चिडली. ती उठली आणि तशीच निघून आली.

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? बसव्वा भावाला नवा फेटा आणायच्या गडबडीत होती, गुलाबी घ्यावा की केशरी. भावाला मान मिळाला या आनंदात ती भाकरी करपवत होती. सोमवारी शिवयोगी जेवायला आला नाही, सायकलींचं काम आहे असा निरोप आला. बसव्वा म्हणाली, लग्नघर म्हटल्यावर त्यालाही कामं असणारच.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात अकलूजची माणसं एका बाजूला, सोलापूरची दुसऱ्या बाजूला. फुलाबाई पहिल्या ओळीत, गजरा माळून, काही चुकायला नको म्हणून आधीच येऊन बसलेली. काशम्मा हार मानणारी बाई नव्हती. तिनं वीरभद्रप्पाला फेटा बांधून तयार ठेवला होता, मधल्या दारापाशी, वेळ आली तर असू द्या म्हणून. तो बिचारा घामानं भिजून प्रत्येक येणाऱ्याला नमस्कार करत होता. त्याला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

आतल्या खोलीत शरणम्मा बाशिंग बांधून बसली होती आणि मनात म्हणत होती, नको येऊस मामा. मंद्रूपला जा. मी काशम्माची काय बोलणी खायची ती खाईन.

बाहेरून स्वामींचा आवाज आला. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.

आणि दारात शिवयोगी उभा होता. नवं धोतर, केशरी फेटा, दाढी घोटून केलेली. मागं बसव्वा, तिचा चेहरा नुसता फुललेला. भाऊ आला, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून आला. शिवयोगीनं शरणम्माकडं बघितलं आणि हात पुढं केला. ज्या हातानं तो चाकाच्या तारा आवळायचा तो हात त्यानं तेलाचा डागही न ठेवता घासून आणला होता. तो आला होता कारण ती भांडली होती. एवढं सगळं सांगूनही, जमायचं नाही म्हणूनही, तिची मान काशम्मापुढं खाली जाऊ नये म्हणून आला होता.

सगळ्या बायका बघत होत्या. हात धरला की झालं. काशम्माचं नाक कापलं, अव्वाचं माहेर राहिलं, फुलाबाईला उत्तर मिळालं. जे जे तिनं मागितलं होतं ते सगळं त्या एका हातात होतं. फक्त तो हात ज्याचा होता त्याचं काय, एवढाच प्रश्न होता, आणि तो आजवर कुणी विचारला नव्हता.

शरणम्मानं पदर सारखा केला आणि उठली.

"अहो," ती म्हणाली, "तुमी बसा. मी जाते."

शिवयोगीचा हात तसाच पुढं राहिला, मग त्यानं तो हळूच मागं घेतला आणि फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं. कुणीतरी बाई फसकन हसली, की बघा, सोडलेल्या नवऱ्याला आता अहो म्हणतीय, आणि तेही बाशिंग बांधून. शरणम्माला ते ऐकू आलं. ती त्याच्या बाजूनं, त्याला न शिवता, दाराबाहेर पडली. वीरभद्रप्पा लगबगीनं पुढं झाला, त्याला तिनं मानेनंच नको म्हटलं. सगळ्या मांडवातून ती एकटी चालत गेली. अकलूजच्या बायका कुजबुजल्या, हिला मामा नाही का? काशम्माच्या तोंडावर असं हसू पसरलं की शरणम्माला तिथंच थांबून दोन शब्द ऐकवावेसे वाटले. ती थांबली नाही. बोहल्यावर चनमल्लप्पानं अंतरपाटावरून तिच्या मागं बघितलं, तिथं कुणीच नाही हे त्याला दिसलं, आणि तो काही विचारायच्या आत स्वामींनी सुरुवात केली.

बसव्वा धावत तिच्या मागं आली. अक्षता चालू असतानाच तिनं मुलीच्या दंडाला असा चिमटा काढला की हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

"माझ्या भावाला भर मांडवात मागं फिरवलंस," ती कानाशी फुसफुसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "त्याच्यासाठी भांडले म्हणालीस आणि हे केलंस? माझं माहेर बुडवलंस. कुटं फेडशील हे?"

नळावर, बैठकीत, चौकात, जिथं तोंड उघडायचं नाही तिथंही उघडणारी ती बाई. आणि आता आईला एक वाक्य सांगितलं असतं तर आईचं रडणं थांबलं असतं. पण ते वाक्य मामाचं होतं, तिनं सांगायचं नव्हतं. तांदूळ डोक्यावर पडत राहिले. शरणम्मा मान खाली घालून चिमटा सोसत उभी राहिली.